४००० रुपयांत भरवशाचा एसएमपीएस कोणता घ्यावा? (आय५-१२४००एफ + आरटीएक्स ३०६०)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. नवीन पीसी जुळवायचा आहे. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) सोडून बाकी सगळं ठरलंय:

इंटेल आय५-१२४००एफ, बी६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी, ८ पिनचा एकच कनेक्टर), एक एनव्हीएमई एसएसडी, जुनी साडेतीन इंची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटचे तीन फॅन.

दुकानदाराचं म्हणणं असं की कॅबिनेटबरोबर ५०० वॅटचा एसएमपीएस येतोच आहे, वेगळा घेऊन पैसे कशाला घालवता. त्याचं लेबल वाचून आकडे उतरवून आणलेत: +३.३ व्होल्टला १८ अँपिअर, +५ व्होल्टला २० अँपिअर, +१२ व्होल्टला १८ अँपिअर, −१२ व्होल्टला ०.५ आणि स्टँडबाय ५ व्होल्टला २ अँपिअर. मागच्या बाजूला ११५/२३० असं लाल सरकतं बटण आहे.

१) हा चालेल का? नसेल तर का नाही?
२) ४००० च्या आसपास काय घ्यावं? दोन-तीनशे इकडेतिकडे चालतील.
३) घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज १७५-१८० पर्यंत उतरतं. त्याचा काही विचार करायला हवा का?

शून्यव्होल्ट

तुम्ही लेबल उतरवून आणलंत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर करून बघा. ३.३ × १८ म्हणजे ५९ वॅट, ५ × २० म्हणजे १००, १२ × १८ म्हणजे २१६. −१२ चे ६ आणि स्टँडबायचे १० धरा. सगळ्यांची बेरीज ३९१. म्हणजे छापणाऱ्याच्या स्वतःच्याच आकड्यांतून ५०० वॅट निघत नाहीत. अशा डब्यांवरचा ५०० बहुतेक वेळा मॉडेलच्या नावाचा भाग असतो. त्याच्यापुढे 'वॅट' लिहिलंय का ते नीट बघा, बऱ्याचदा नसतंच.

तरी ३९१ हाही कामाचा आकडा नाही. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर यूएसबी, एसएसडी अशी किरकोळ मंडळी, मिळून ३०-४० वॅटच्या वर क्वचित जातात. तेव्हा एसएमपीएस विकत घेताना १२ व्होल्टचे अँपिअर तेवढे विचारायचे. तुमच्या फुकटच्या डब्यात ते २१६ वॅट आहेत, तेही लेबलावर विश्वास ठेवला तर.

आता तुमची गरज. आय५-१२४००एफ वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण इंटेलने दिलेली कमाल टर्बो पॉवर ११७ आहे. आरटीएक्स ३०६० चे १७०. बोर्ड, रॅम, एसएसडीला ४०. हार्ड डिस्क चालताना ६-८ वॅट घेते, पण चालू होताना थाळी फिरवायला काही सेकंद २० ते २५ लागतात. फॅनचे १० धरा. सगळं एकाच वेळी टोकाला गेलं तर ३५०, आणि नेहमीच्या गेममध्ये २६० ते २८०. यातले निदान ३१०-३२० वॅट १२ व्होल्टवरचे, म्हणजे २६-२७ अँपिअर. लेबलावर १८.

गंमत म्हणजे तो डबा जोडला तर विंडोज सुरू होईल, ब्राउझर चालेल, यूट्यूब चालेल. दुकानात दाखवतानाही काही होणार नाही. गेम लावला की पाचेक मिनिटांत पीसी धाडकन रीस्टार्ट होईल. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल आणि लोक विंडोज परत टाकत बसतील. ४१ चा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद झाला नव्हता. कारण ती नोंद सांगत नाही.

लाल बटणाबद्दल: हे बटण असलं म्हणजे आत अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट एकसारखा ओढणारं सर्किट) नाही, जुन्या धाटणीचं सर्किट आहे. ११५ वर ठेवलं की आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. आपल्या २३० च्या लाइनवर चुकून तसं राहिलं तर २०० व्होल्टच्या दोन्ही कपॅसिटरवर प्रत्येकी सव्वातीनशे व्होल्ट चढतात आणि मेनचं बटण दाबताक्षणी बार होतो. अॅक्टिव्ह पीएफसी असलेल्या एसएमपीएसला हे बटणच नसतं.

सोल्डरगन

वरच्या हिशोबाशी सहमत. आता काय घ्यायचं ते सांगतो.

५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ, आत डीसी-टू-डीसी असलेला. या वर्गात डीपकूल पीके५५०डी, एमएसआय मॅग ए५५०बीएन, कूलर मास्टर एमडब्ल्यूई ५५० ब्रॉन्झ व्ही२ आणि कोर्सेअर सीएक्स५५० ही चार नावं धरून चला. भाव सारखे हलतात, पण साधारण साडेतीन ते साडेचार हजारांत यांतला एखादा सापडतो. चौघांत भांडत बसण्यात अर्थ नाही. जो बिलासकट, भारतातल्या अधिकृत वितरकाच्या वॉरंटीसह मिळेल तो उचला.

डीसी-टू-डीसीवर एवढा भर का? जुन्या, म्हणजे ग्रुप रेग्युलेटेड डिझाइनमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच फीडबॅकवर बांधलेले असतात. ग्राफिक्स कार्डाने १२ व्होल्टवर जोरात ओढलं की १२ खाली जातो. त्याला सावरायला कंट्रोलर दोन्ही वर ढकलतो, आणि ५ व्होल्टवर फारसा लोड नसल्यामुळे तो नको तितका चढतो. तुमच्या हार्ड डिस्कचं सर्किट याच ५ व्होल्टवर बसलेलं. डीसी-टू-डीसीमध्ये ट्रान्सफॉर्मरमधून फक्त १२ व्होल्ट काढतात आणि ५ व ३.३ त्यापासून वेगळ्या छोट्या कन्व्हर्टरने बनवतात, त्यामुळे एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही.

दुकानात उभ्याउभ्या ओळखायची खूण: लेबलावर १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या जवळपास बरोबरीने असतील (५५० च्या एसएमपीएसला ४३ ते ४५ अँपिअर, म्हणजे ५२० ते ५४० वॅट), तर आत बहुतेक डीसी-टू-डीसीच आहे. ५५० लिहून १२ व्होल्टला ३४-३५ अँपिअरच दिले असतील तर खाली ठेवा.

८० प्लसचं स्टिकर म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे, हा गैरसमज फार पसरलाय. ते फक्त किती टक्के वीज वाया जात नाही एवढं मोजतं. ब्रॉन्झला ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के लोडवर ८२, ८५, ८२ टक्के एफिशियन्सी लागते. चाचणी २३ अंशांवर होते. मे महिन्यात आपल्याकडच्या कॅबिनेटमध्ये २३ अंश कुठून आणणार? रिपल (डीसी व्होल्टेजवरची बारीक थरथर) किती, शॉर्ट सर्किटला बंद होतो की जळतो, लाइट गेल्यावर किती मिलिसेकंद तग धरतो, यातलं काहीच त्या स्टिकरमध्ये नाही. त्यासाठी सायबेनेटिक्स या एसएमपीएस तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर मॉडेलचं नाव टाका, चाचणीचा अख्खा अहवाल फुकट वाचायला मिळतो. त्यात तीन गोष्टी बघा. १२ व्होल्टवरचा रिपल: एटीएक्सची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आहे, चांगल्या बजेट युनिटचा पूर्ण लोडलाही ५०-६० च्या आत असतो. होल्ड-अप वेळ, म्हणजे लाइट गेल्यावर तग धरायची: १६-१७ मिलिसेकंदांच्या वर हवा. आणि प्रोटेक्शनच्या रकान्यात ओटीपी, म्हणजे तापल्यावर बंद होण्याची सोय आहे की नाही. स्वस्तात पहिली कात्री तिलाच लागते.

खोका हातात आल्यावर अजून दोन गोष्टी. इनपुट १००-२४० लिहिलंय की २००-२४०, हे वाचा, कारण काही मॉडेलची फक्त २३० व्होल्टवाली आवृत्तीही निघते. तुमच्याकडे १७५ पर्यंत उतरतंय, म्हणून १००-२४० चाच घ्या. दुसरं, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आणि कोणत्या वस्तूसाठी नोंदलाय ते दिसतं.

पैसावसूल

एवढ्यात ४५० वॅटचा ब्रॉन्झ भागत नाही का? वर ३५० चा हिशोब दिलाच आहे. नाहीतर मग सरळ गोल्डच (८० प्लसची ब्रॉन्झच्या वरची पायरी) का घेऊ नये, वीजबिल वाचेल.

शून्यव्होल्ट

चांगला ४५० चालेल, खोटं कशाला बोलू. पण ग्राफिक्स कार्ड मिलिसेकंदापुरतं आपल्या रेटिंगच्या बरंच वर उडी मारतं, आणि दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलावंसं वाटलं तर ४५० आडवा येतो. फरक पाच-सहाशेचा, त्यात घासाघीस नको. मात्र निवड भुक्कड ५५० आणि चांगला ४५० यांत असेल तर डोळे मिटून ४५० घ्या.

गोल्डचा हिशोब असा. आतला लोड २८० वॅट. ८५ टक्क्यांनी भिंतीतून ३२९ ओढले जातात, ९० टक्क्यांनी ३११. फरक १८ वॅट. रोज चार तास गेम म्हणजे वर्षाला साधारण १४६० तास, म्हणजे २६ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला २६० रुपये वाचले. गोल्डला दीड-दोन हजार जास्त मोजणार असाल तर वसूल व्हायला सहा-सात वर्षं. गोल्डवाल्यात सहसा फॅन बरा आणि वॉरंटी लांब मिळते, त्यासाठी घ्यायचा तर घ्या. बिलासाठी नको.

अर्थपूर्ण

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही. माझ्या मते बजेट एसएमपीएस मरतात ते निम्म्या वेळा घरच्या वायरिंगपायी.

आधी अर्थिंग. मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर लावा (साध्या मीटरवर ही रेंज असते) आणि ज्या सॉकेटला पीसी लागणार तिथे तीन रीडिंग घ्या. फेज-न्यूट्रल: जे काही येत असेल ते, २३० किंवा संध्याकाळी १८०. फेज-अर्थ: जवळपास तेवढंच यायला हवं. न्यूट्रल-अर्थ: २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थला ८०-१०० असं काहीतरी अधांतरी दिसलं तर अर्थची वायर कुठेतरी सुटलेली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये पाच-सातच्या वर आलं तर वायरमनला बोलवा.

अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि लोक म्हणतात एसएमपीएस खराब आहे. खराब नसतो. प्रत्येक एसएमपीएसच्या इनपुट फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. त्यातला किंचितसा करंट अर्थमध्ये जायला हवा. वाटच नसली की बॉडी लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. एचडीएमआय किंवा लॅनची केबल लावता-काढताना तोच करंट पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जातो.

आणि एक कळकळीची विनंती. काही वायरमन 'अर्थिंग करून देतो' म्हणतात आणि सॉकेटच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा जोडून मोकळे होतात. मीटरवर सगळं छान दिसतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल किंवा फेज-न्यूट्रल उलटे होतील त्या दिवशी तुमच्या कॅबिनेटवर पुरे २३० व्होल्ट असतील. सॉकेट उघडून बघा (आधी मेन बंद करून), असा तुकडा दिसला तर काढायला लावा आणि जमिनीतून खरी अर्थिंग करून घ्या.

आता यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक मॉडेलला ३६० वॅट. गेममध्ये तुमचा पीसी भिंतीतून ३२५-३३० ओढणार, वर मॉनिटरचे २५-३०. म्हणजे काठावर. ऐन गेममध्ये लाइट गेली तर यूपीएस ओव्हरलोड दाखवून बंद पडण्याचीच शक्यता जास्त. साधं काम चालू असताना मात्र (१०० वॅटच्या आत) तो आरामात पुरेल. आत्ता नवा घेऊ नका. पुढे घ्याल तेव्हा १००० व्हीए / ६०० वॅट, दोन बॅटरींचा बघा.

अॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस आणि पायऱ्यांच्या वेव्हचा (बॅटरीवर गुळगुळीत साइन वेव्ह न देणारा) स्वस्त यूपीएस यांचं जमत नाही असं वाचायला मिळतं. काही जोड्या खरंच भांडतात, पण सगळ्या नाही. यूपीएसला बॅटरीवर यायला ४ ते ८-१० मिलिसेकंद लागतात, एसएमपीएसचा होल्ड-अप १६ च्या वर असला तर तो मधला खड्डा निघून जातो. म्हणूनच सोल्डरगन यांनी ती वेळ बघायला सांगितली. करून बघा: सगळं सेव्ह करा, पीसी नुसता चालू ठेवा, यूपीएसच्या सॉकेटचं बटण बंद करा (प्लग उपटू नका, अर्थ तुटते). तग धरला तर मग थोडा लोड देऊन परत तेच करा.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणार असाल तर मागे मोडचं बटण असतं, ते यूपीएस मोडवर हवं. नॉर्मल किंवा इको मोडमध्ये बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. पंखा-दिव्याला कळत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. आणि यूपीएस मोडमध्ये साधारण १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर येतो. तुमच्याकडे संध्याकाळी तो सारखा इकडून तिकडे टकटक करत बसेल.

कमी व्होल्टेजचं: १००-२४० वाला एसएमपीएस १७५ वर चालतो, फक्त तेवढ्याच वॅटसाठी जास्त करंट ओढतो. ३२५ वॅटला २३० वर १.४ अँपिअर, १७५ वर १.९. पीएफसीचा भाग थोडा जास्त तापतो, बस. यूपीएसमध्ये एव्हीआर असतंच, ते व्होल्टेज उचलून देतं, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर नको. दोन्ही एकापुढे एक लावले तर एकाच्या रिलेच्या टकटकीला दुसरा बिचकतो. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की प्लग काढा, आणि राउटरकडून येणारी लॅनची केबलसुद्धा. वीज तिथूनही आत शिरते, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. फुकटचा डबा कॅबिनेटमधून काढूनच द्यायला सांगतो. न्यूट्रल-अर्थला १.५ आलं, फेज-अर्थ बरोबर आहे, तुकडाबिकडा नाही.

शेवटची शंका. एसएमपीएस नॉन-मॉड्युलर (केबल सुट्या न होणारा) आहे आणि हार्ड डिस्क पुढच्या कप्प्यात, साटाची (डिस्कला वीज देणारी) वायर तिथे पोचेलसं वाटत नाही. मित्राकडे दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर एसएमपीएसच्या जादा केबल पडून आहेत. त्यातली एखादी वापरू का, की मोलेक्स (जुना चार पिनांचा वीज कनेक्टर) ते साटा कन्व्हर्टर आणू?

सोल्डरगन

मित्राच्या केबलला हातही लावू नका. तुमचा नॉन-मॉड्युलर, म्हणून ती लागणारच नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी लिहून ठेवतो: मॉड्युलर केबलचं डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिना मात्र प्रत्येक कंपनीच्या, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांच्याही, वेगळ्या असतात. कनेक्टर खटकन बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. त्या केबलवरच्या सगळ्या डिस्क एका क्षणात गेल्या.

मोलेक्स ते साटा घ्यायचा तर कनेक्टर नीट पारखा. साटाच्या टोकाला पिना प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या (गुळगुळीत, मागून काहीच दिसत नाही) असतील तर नको. त्यांच्यात आतल्या तारा एकमेकींना चिकटून पेटायच्या घटना पुष्कळ झाल्यात. मागे छोटं झाकण लावलेलं आणि प्रत्येक वायर वेगळी खोबणीत दाबून बसवलेली दिसते तो प्रकार बरा. त्याहून सरळ मार्ग, हार्ड डिस्क एसएमपीएसजवळच्या कप्प्यात हलवा.

जोडताना: प्रोसेसरची ४+४ पिनची आणि ग्राफिक्सची ६+२ पिनची वायर दिसायला जुळ्या. पहिलीवर सीपीयू आणि दुसरीवर पीसीआय-ई असं छापलेलं असतं, ते वाचा. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. एका जागी दुसरी सहसा शिरत नाही, जोर लावायला लागला तर थांबा. खाली बसणाऱ्या एसएमपीएसला प्रोसेसरची वायर बोर्डामागून वर न्यायला निदान ६० सेंटिमीटर लांब हवी. फॅनचं तोंड खाली, जाळीकडे. कॅबिनेट सतरंजीवर किंवा गादीवर ठेवणार असाल तर मात्र तोंड वर.

बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत लोड देऊन बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम स्ट्रेस टेस्ट, अर्धा तास. त्यातच मल्टिमीटरचा काळा प्रोब मोकळ्या मोलेक्सच्या काळ्या वायरला, लाल प्रोब पिवळ्या वायरला. ११.४ ते १२.६ चालतं, पण नव्या एसएमपीएसला ११.८ च्या खाली मी परत करेन. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. स्क्रीनवर सॉफ्टवेअर दाखवतं त्या व्होल्टेजवर जाऊ नका, बोर्डाचा सेन्सर वाटेल ते सांगतो. आणि हिरव्या वायरला काळी टेकवून फॅन फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक, असं दुकानात दाखवतील. त्यातून फक्त फॅन फिरतो एवढंच कळतं.

अर्थपूर्ण

वरच्यात एकच जोड: काही झालं तरी एसएमपीएस उघडून बघायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. अॅक्टिव्ह पीएफसीवाल्याच्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट डीसी असतात आणि ते लगेच उतरतीलच असं नाही. शिवाय सील तुटलं की पाच वर्षांची वॉरंटी तिथेच संपली. धूळ काढायची तर बाहेरूनच ब्लोअर मारा, फॅनच्या पात्यात काडी अडकवून, म्हणजे तो उलटा गरगरणार नाही.